डिस्काउंट क्लबची मेंबरशिप: कार्ड बदललं तरी पैसे जातच आहेत

ऋतुगंध

माझे काका-काकू अमेरिकेत असतात, दोघंही निवृत्त. काकांच्या क्रेडिट कार्डाच्या बिलात बऱ्याच महिन्यांपासून एका अनोळखी नावाने एक छोटी रक्कम जाते आहे. बिल ऑटो-पेवर असल्याने आणि रक्कम दर वेळी तेवढीच असल्याने कुणाला संशय आला नाही. त्यांची कागदपत्रं लावून देताना ती माझ्या नजरेस पडली. बिलात नावाशेजारी फोन नंबर छापलेला असतो, तो शोधल्यावर कळलं की हा एक डिस्काउंट क्लब आहे. हॉटेलं, प्रवास, सिनेमाची तिकिटं, चष्मे, औषधं अशा सगळ्यावर सभासदांना सवलत, असं त्यांच्या साइटवर लिहिलंय. काकांनी यातलं काहीही कधी वापरलेलं नाही. असा क्लब आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

जुन्या मेल चाळल्या तेव्हा प्रमोशनच्या गर्दीत एक 'वेलकम' मेल सापडली. त्याच दिवशी काकांनी एका ऑनलाइन दुकानातून खरेदी केली होती. पैसे भरून झाल्यावर "पुढच्या खरेदीवर सूट मिळवा" अशी जी पाटी येते, तिथून हे सुरू झालं असावं.

बँकेला फोन केला. तिथल्या बाईंनी लगेच जुनं कार्ड बंद केलं आणि नवं पाठवलं. प्रश्न मिटला असं आम्ही धरून चाललो होतो. पुढच्या बिलात, नव्या नंबरावर, तीच रक्कम त्याच नावाने हजर. आता काकूंनी धसका घेतलाय. नवं कार्डही चोरीला गेलं असं त्यांना वाटतं आणि त्यांनी ऑनलाइन काही घेणंच बंद केलंय.

नवा नंबर क्लबला मिळाला कसा? हे थांबवायचं कसं? आणि गेलेले पैसे परत मिळतात का? ज्यांना यातली माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आपल्या ओळखीत असे अनेक ज्येष्ठ असतील.

हिशोबनीस

काकूंना आधी सांगा की नवं कार्ड चोरीला गेलेलं नाही. मी बँकेत कार्डांच्या तक्रारी हाताळायचं काम बरीच वर्षं केलं. नव्या कार्डावर जुनी वर्गणी येणं हे तिथलं रोजचं प्रकरण होतं.

व्हिसाची 'अकाउंट अपडेटर' आणि मास्टरकार्डची 'ऑटोमॅटिक बिलिंग अपडेटर' अशा सेवा आहेत. तुमचं कार्ड बदललं की तुमची बँक नवा नंबर आणि नवी मुदत या सेवेला कळवते. ज्या व्यापाऱ्याकडे तुमचं जुनं कार्ड नोंदलेलं आहे त्याला ती माहिती तिथून मिळते. हेतू चांगला आहे. कार्डाची मुदत संपली म्हणून कुणाचा विम्याचा हप्ता चुकू नये, फोन बंद पडू नये. पण चांगल्या वर्गणीला जी सोय, तीच नकोशा वर्गणीलाही. कुलूप बदलावं आणि नवी किल्ली जुन्या भाडेकरूला घरपोच जावी, तसं होतं हे.

दुसरा गैरसमज सीव्हीव्हीचा. मागचे तीन आकडे कुणाला दिले नाहीत म्हणजे पैसे जाणार नाहीत, असं पुष्कळ जण धरून चालतात. व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही साठवून ठेवायला कार्ड उद्योगाच्या पीसीआय डीएसएस नियमांनी मनाई आहे. म्हणजे दर महिन्याची वसुली मुळातच सीव्हीव्हीशिवाय होते. पहिल्या वेळी ग्राहकाने होकार दिला, पुढचे व्यवहार व्यापाऱ्याने आपल्या बाजूने सुरू केले, अशी त्यांची नोंद असते. तिथे कुणी तुम्हाला पुन्हा विचारत नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, कार्ड बदलणं हा यावरचा उपाय नाही. क्लबच्या दप्तरी तुमचा होकार जिवंत आहे. तो लेखी मागे घ्या. मग बँकेकडे जा. क्रम उलटा केला की लोक महिनोन् महिने फोनवर फिरत राहतात.

बँकेकडे गेल्यावर तक्रारीचं कारण नीट निवडा. फोनवरचा माणूस घाईत 'फ्रॉड' असं नोंदवतो. मग क्लब कागद पुढे करतो: अमुक तारखेला, अमुक ईमेलवरून, अमुक आयपी पत्त्यावरून खूण केली, वेलकम मेल पोचली. बँक म्हणते की हा फ्रॉड नव्हे, आणि फाइल बंद. व्हिसाच्या नियमांत 'रद्द केलेला आवर्ती व्यवहार' असं स्वतंत्र कारण आहे, क्रमांक १३.२. मास्टरकार्डमध्येही रद्द केलेल्या वर्गणीची तक्रार फ्रॉडपासून वेगळी धरतात. रद्द केल्याचा लेखी पुरावा हातात असेल तर या कारणाखालची तक्रार फार मजबूत असते. काकांना अटी दिसल्याच नव्हत्या हेही तक्रारीत लिहा, ते खरंच आहे. पण "हे कार्ड कुणीतरी चोरून वापरलं" असं लिहू नका.

शिवाय बँकेला दोन गोष्टी स्पष्ट मागा. एक, या व्यापाऱ्याच्या पुढच्या वसुलीवर स्टॉप पेमेंट. दोन, हे कार्ड अपडेटर सेवेतून वगळणं. दोन्ही होऊ शकतं, पण आपण मागितल्याशिवाय कुणी आपणहून करत नाही.

पाणकणीस

अगदी उपयुक्त धागा. अपडेटरबद्दल पहिल्यांदाच कळलं. वाचनखुणेत साठवतेय.

अनुराधा_क

हिशोबनीस, एक शंका आहे. काकांनी दुकानाला कार्ड नंबर दिला, क्लबला नाही. मग क्लबकडे 'होकार' आहे असं कसं म्हणायचं? इथेच सगळी मेख आहे असं मला वाटतं. याचा इतिहास मी मागे वाचला होता म्हणून लिहिते.

या धंद्याची जुनी पद्धत अशीच होती. तुम्ही दुकानात पैसे भरता, आणि पावती दिसण्याआधी मध्येच सवलतीचं पान येतं. तिथे फक्त ईमेल टाकून 'होय' दाबायचं. कार्ड नंबर दुकानच क्लबला परस्पर देऊन टाकायचं. याला 'डेटा पास' म्हणत. ग्राहकाला वाटायचं, मी कार्ड दिलंच नाही तर पैसे कसे जातील? त्या समजुतीवरच हा धंदा उभा होता.

अमेरिकी सिनेटच्या वाणिज्य समितीने २००९ मध्ये याची चौकशी केली. तेव्हा सिनेटर जॉन 'जे' रॉकफेलर समितीचे अध्यक्ष होते. ॲफिनियन, व्हर्ट्रू आणि वेबलॉयल्टी या तीन कंपन्या रडारवर होत्या. या तिघींनी आणि त्यांच्या भागीदार साइटींनी मिळून ग्राहकांकडून १.४ अब्ज डॉलरहून जास्त वसूल केल्याचं समितीच्या अहवालात आहे. भागीदार साइटी ४५० च्या वर होत्या, त्यात नावाजलेली दुकानंही होती. बहुसंख्य सभासदांना आपण सभासद आहोत याचाच पत्ता नव्हता. कंपन्यांच्या अंतर्गत कागदपत्रांवरून त्यांना हे ठाऊक होतं असंही समितीने म्हटलं. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते. ज्याला सवलत हवी आहे असा ग्राहक त्यांना शोधायचाच नव्हता. बिल न वाचणारा ग्राहक हवा होता.

त्यातून २०१० च्या डिसेंबरमध्ये 'रिस्टोअर ऑनलाइन शॉपर्स कॉन्फिडन्स ॲक्ट' झाला, थोडक्यात रॉस्का. खरेदीनंतर गळ घालणाऱ्या तिसऱ्या कंपनीने अटी स्पष्ट सांगायच्या, आपण मूळ दुकानापेक्षा वेगळे आहोत हे सांगायचं आणि कार्डाचा पूर्ण नंबर ग्राहकाकडूनच घ्यायचा. दुकानाने तो परस्पर देणं बेकायदा. शिवाय 'नाही म्हणेपर्यंत होय' धरणाऱ्या कुठल्याही ऑनलाइन वर्गणीला रद्द करायची सोपी सोय हवी.

म्हणजे काकांच्या बाबतीत तीनच शक्यता उरतात. दुकानासारख्याच दिसणाऱ्या पानावर त्यांनी नंबर पुन्हा टाकला असेल, किंवा क्लब त्या दुकानाचाच असेल, किंवा कायदा मोडला गेला असेल. ऋतुगंध, क्लबकडे संमतीचा पुरावा मागाच. कुठल्या तारखेला, कुठल्या पानावर, कुठला मजकूर दाखवून, कार्ड नंबर कुणी टाकला.

हिशोबनीस

अनुराधाताई, रास्त मुद्दा, आणि पुरावा मागण्याची सूचना मी माझ्या प्रतिसादात द्यायला हवी होती इतकी महत्त्वाची आहे. 'होकार जिवंत आहे' म्हणजे त्यांच्या नोंदीत तसं दिसतं, एवढाच माझा अर्थ. तो कायद्याने होकार ठरतो का, हा वेगळा प्रश्न. पण वसुली यंत्र करतं, आणि यंत्र नोंद बघतं.

निळाई

मी इंग्लंडमधून लिहितेय. इथला फरक उपयोगी पडेल. कार्डावरून अशी वारंवार वसुली करण्याच्या परवानगीला इथे 'कंटिन्युअस पेमेंट ऑथॉरिटी' म्हणतात. ती तुम्ही थेट बँकेला सांगून मागे घेऊ शकता. बँकेने "आधी कंपनीशी बोला" असं म्हणून परत पाठवायचं नाही, हा इथल्या नियामकाचा, एफसीएचा, स्पष्ट पवित्रा आहे. सांगितल्यानंतरही पैसे गेले तर ते बँकेने भरून द्यायचे.

तरी काउंटरवर अजूनही "आमच्या हातात नाही" असं ऐकायला मिळतं. लोक याला डायरेक्ट डेबिट समजतात आणि ॲपमध्ये डायरेक्ट डेबिटच्या यादीत शोधत बसतात. तिथे ती दिसत नाही, कारण ती बँक खात्यावर नसून कार्डावर आहे. क्लबलाही कळवा, पण त्यांच्या उत्तरासाठी थांबू नका.

मध्यमपदलोपी

थोडा वेगळा सूर लावतो. सगळे सवलत क्लब एका माळेचे नसतात. आम्ही घाऊक खरेदीच्या दुकानाचे कित्येक वर्षं सभासद आहोत. वार्षिक वर्गणी देतो, मोठ्या कुटुंबाला ती परवडते, काउंटरवर जाऊन रद्द केली तर पैसे परत मिळतात. ग्रंथालयाची, वाहन मदतसेवेची मेंबरशिपही अशीच. धागा वाचून कुणी घाबरून सगळंच रद्द करू नये.

अनुराधा_क

सहमत. मी तर म्हणेन, फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो: क्लब तुम्ही शोधलात की क्लबने तुम्हाला गाठलं? आपण होऊन, वर्गणी वाचून, हिशोब करून घेतलेली मेंबरशिप आणि दुसरंच काही घेताना अंगाला चिकटलेली मेंबरशिप यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सवलत देतात की नाही हा भागही दुय्यम. अशा क्लबांच्या सवलती कागदावर खऱ्या असतातही. पण त्या घ्यायला आधी पूर्ण पैसे भरा, मग पावती पाठवा, मग व्हाउचरची वाट बघा, असं असतं. वापरणारे थोडे राहतात आणि वर्गणी मात्र सगळ्यांची येत राहते.

केतकीबन

मी प्रत्येक ठिकाणी व्हर्च्युअल कार्ड वापरते, म्हणजे मुख्य कार्डाऐवजी ऑनलाइन खरेदीपुरता वेगळा नंबर. त्याला मर्यादा घालून ठेवायची, नको झालं की बंद. ना फोन, ना पत्र. हा सोपा मार्ग नाही का?

हिशोबनीस

केतकीबन, व्हर्च्युअल कार्ड उत्तम सवय आहे. मुख्य नंबर कुठे सांडत नाही, आणि साइट फुटली तरी नुकसान तेवढ्यापुरतं राहतं. नवीन, अनोळखी साइटवर तेच वापरावं. पण ते बंद केल्याने मेंबरशिप रद्द होत नाही, फक्त वसुली अडते. वार्षिक करार असेल तर क्लब थकबाकी दाखवतो, दंड लावतो, आणि काही जण ती वसुली एजन्सीकडे देतात. असा एजन्सीचा फोन आल्यावर आमच्याकडे धावत आलेले ग्राहक मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे रद्द केल्याचा कागदच नसायचा. त्यामुळे आधी रद्द करा, पोच घ्या, मग कार्ड बंद करा.

जाता जाता, डेबिट कार्ड अशा ठिकाणी अजिबात देऊ नका. क्रेडिट कार्डात वाद चालू असताना पैसे बँकेचे अडकलेले असतात. डेबिटमध्ये तुमच्या खात्यातून ते आधीच गेलेले असतात. अमेरिकेत कायदाही वेगळा लागतो. क्रेडिट कार्डावर अनधिकृत वापराची तुमची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर. डेबिट कार्ड चोरीला गेलेलं कळल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ५०, उशीर झाला तर ५०० पर्यंत. आणि स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत त्यातली अनधिकृत रक्कम कळवली नाही तर त्यानंतरच्या नुकसानाला मर्यादाच नाही. हे आकडे चोरीच्या वापराचे आहेत, क्लबच्या वादाचे नव्हेत. तरी कुठलं कार्ड कुठे द्यावं हे त्यावरून ठरवता येतं.

मैत्रेयी०७

रद्द करताना फोनवर काय होतं ते लिहिते, कारण माझ्या सासूबाईंची अशीच एक मेंबरशिप मी बंद करून घेतली.

फोन उचलणाऱ्याचं काम तुम्हाला थांबवून धरायचं असतं. आधी सवलतींची यादी वाचतात. मग "दोन महिने फुकट देतो, तोवर विचार करा" म्हणतात. त्याला हो म्हटलं की रद्द होत नाही, पुन्हा सुरू होतं, आणि या वेळी तुमचा आवाज रेकॉर्डवर असतो! मी प्रत्येक वाक्याला एवढंच म्हणत राहिले, "मला आजपासून रद्द करायचं आहे, मला कन्फर्मेशन नंबर द्या." भांडायची गरज पडली नाही. आवाज चढला असता तर त्यांनी फोनच ठेवला असता.

त्यांनी कार्डाचा पूर्ण नंबर विचारला, 'ओळख पटवायला'. तो मी दिला नाही. शेवटचे चार आकडे आणि ईमेल पुरते.

फोन ठेवल्या ठेवल्या ईमेलही केली. मजकूर साधा: "या ईमेलवर व पत्त्यावर असलेली मेंबरशिप आज रोजी रद्द करत आहे. माझ्या कोणत्याही कार्डावर वा खात्यावर वसुली करण्याची परवानगी मागे घेत आहे. कार्ड नंबर बदलला तरी हे लागू आहे. आजवरच्या वसुलीसाठी मी दिलेल्या संमतीची प्रत पाठवा, नसल्यास सर्व रक्कम परत करा." फोनची तारीख, बोलणाऱ्याने सांगितलेलं नाव आणि कन्फर्मेशन नंबर त्यातच लिहिला. 'कार्ड नंबर बदलला तरी' हे वाक्य मुद्दाम घातलं होतं. वरची अपडेटरची माहिती वाचून ते किती गरजेचं होतं ते आता कळतंय.

ऋतुगंध

मैत्रेयी, हा मजकूर जसाच्या तसा इंग्रजीत करून काकांकडून पाठवतेय. हिशोबनीस, जुन्या महिन्यांच्या पैशांचं काय? दीड वर्षाच्या वर झालंय.

हिशोबनीस

बँकेकडून सगळं मिळेल असं मी सांगणार नाही. कार्ड नेटवर्कच्या नियमांत तक्रारीला साधारण १२० दिवसांची मुदत असते. अमेरिकेच्या १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टप्रमाणे चूक ज्या बिलात पहिल्यांदा दिसली ते पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार जायला हवी. तीही बिलाचे पैसे पाठवायचा पत्ता सोडून 'बिलिंग चौकशी' असा वेगळा पत्ता दिलेला असतो, त्यावर. बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलांच्या काळात, जास्तीत जास्त ९० दिवसांत निकाल द्यायचा. तोवर वादातली रक्कम भरायची सक्ती नाही. म्हणजे अलीकडची बिलं बँकेकडून, जुनी क्लबकडून. क्लबला लिहिताना 'एफटीसी (ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणारा अमेरिकेचा केंद्रीय आयोग) आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे) तक्रार करत आहे' असं कळवा, आणि खरंच करा. एकट्यादुकट्या तक्रारीने त्यांच्यावर लगेच कारवाई होत नाही, पण जिथे कारवाई झाली ती अशाच तक्रारींच्या ढिगावर उभी होती. २०१३ मध्ये ॲफिनियनने ४७ राज्यांशी तीन कोटी डॉलरहून मोठी तडजोड केली ती त्यातूनच.

रानजाई

भारतातली कार्डं वापरणाऱ्यांसाठी थोडं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी आपण यात बरेच सुरक्षित आहोत, आणि लोकांना ते ठाऊक नाही याचं वाईट वाटतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या आवर्ती वसुलीला ई-मॅन्डेट, म्हणजे वसुलीची आगाऊ ऑनलाइन परवानगी, नोंदवावं लागतं. नोंदवताना ओटीपीसारखी जादा पडताळणी, प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना, आणि मॅन्डेट कधीही रद्द करायची सोय. १५,००० रुपयांपर्यंतच्या वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही. ही मर्यादा आधी ५,००० होती, २०२२ च्या जूनमध्ये वाढली. म्हणून ती २४ तास आधीची सूचना वाचणं महत्त्वाचं. प्रमोशनच्या एसएमएससारखी दिसते आणि आपण ती सरकवून टाकतो.

बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये मॅन्डेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन अशा नावाखाली यादी असते. आजच उघडून बघा.

परदेशी साइटवर मात्र बऱ्याचदा ओटीपी न येताच पैसे जातात. तिथे ॲपमधून आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बंद ठेवणं आणि लागेल तेव्हाच चालू करणं हाच मार्ग. हे बटण आणि मर्यादा ठरवायची सोय देणं बँकांना २०२० पासून बंधनकारक आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे साइट-ॲपवरच्या ग्राहकाला चकवणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या १३ प्रकारांत सबस्क्रिप्शनचा सापळाही आहे: रद्द करणं मुद्दाम अवघड करणं, फुकट सेवेसाठी आधी कार्ड मागणं. तक्रारीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. थेट आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३०, आणि तिथे विलंब नको.

पाणकणीस

मोफत चाचणीचं काय? "पहिला महिना फुकट, फक्त कार्ड टाका" हेही यातच येतं ना?

हिशोबनीस

हो, तोच सापळा. व्हिसाने २०२० पासून व्यापाऱ्यांना नियम घातला आहे. चाचणी संपून वसुली सुरू होण्याच्या किमान सात दिवस आधी ग्राहकाला आठवण पाठवायची, आणि ऑनलाइन रद्द करायची सोय द्यायची. आठवण आलीच नसेल तर तक्रारीत ते लिहा.

निळाई

एक धोका कुणी अजून लिहिला नाही. माझ्या शेजारच्या आजींच्या बाबतीत घडता घडता राहिला म्हणून पोटतिडकीने सांगतेय. ज्यांचे पैसे असे जात असतात त्यांना नंतर "तुमची मेंबरशिप रिन्यू होतेय, रद्द करायची तर आम्ही मदत करतो, रिफंडही देतो" असे फोन किंवा मेल येतात. ते क्लबचे नसतातच. मेलमध्ये मोठी रक्कम आणि एक फोन नंबर असतो. घाबरून फोन केला की संगणकावर एखादं ॲप टाकायला सांगतात, स्क्रीन बघतात, बँकेत लॉगिन करायला लावतात. काही वेळा "चुकून जास्त रिफंड गेला, फरक परत करा" म्हणून रडतात.

रिफंड घ्यायला ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही, स्क्रीन दाखवावी लागत नाही. पैसे ज्या कार्डावरून गेले त्याच कार्डावर जमा होतात. फोन करायचा तो बिलावर छापलेल्या किंवा कार्डामागच्या नंबरावर, मेलमधल्या नव्हे. ऋतुगंध, काकूंना हे नक्की समजावून सांगा. त्या आधीच घाबरलेल्या आहेत, आणि घाबरलेल्या माणसाकडून असे लोक काहीही करून घेतात.

ऋतुगंध

निळाई, काल रात्रीच काकूंना फोन करून सांगितलं. त्यांनी वहीत लिहून फोनशेजारी ठेवलंय.

बाकी घडामोड सांगते. फोनवर रद्द केलं, कन्फर्मेशन नंबर मिळाला, ईमेलही गेली. संमतीची प्रत मागितल्यावर क्लबने ती पाठवली नाही. मागचे काही महिने 'सद्भावना म्हणून' परत करतो असं उत्तर आलं. आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. अनुराधाताईंचे चारही प्रश्न क्रमांक घालून पुन्हा पाठवले आणि रॉस्काचा उल्लेख केला. आता सगळ्या महिन्यांची रक्कम कार्डावर जमा झाली आहे. बँकेने त्या व्यापाऱ्यावर स्टॉप पेमेंट लावलंय आणि कार्ड अपडेटरमधून वगळल्याचं लेखी कळवलंय. काकांनी ऑटो-पे चालूच ठेवलंय, पण प्रत्येक व्यवहाराचा मेसेज यावा असं लावून घेतलंय, मर्यादा शून्य ठेवून.

आता नवीन शंका. काकूंचं वेगळं कार्ड आहे. त्याचं बिल पाहिलं तर तिथेही एका दुसऱ्याच नावाने दर महिन्याला रक्कम जाते आहे. नाव वेगळं, पण फोन नंबरचे शेवटचे आकडे सोडले तर बाकी नंबर जवळपास सारखा. हा योगायोग असू शकतो का?

हिशोबनीस

योगायोग धरू नका. एकच कंपनी अनेक नावांनी क्लब चालवते: एक प्रवासाचा, एक आरोग्याचा, एक खरेदीचा. या धंद्यात हे सर्रास आहे. प्रत्येक मेंबरशिप त्यांच्या नोंदीत स्वतंत्र असते. काकांची रद्द झाली म्हणून काकूंची होणार नाही. काकांच्याच नावावर दुसरी असेल तर तीही होणार नाही.

काकूंच्या नावाने नवी ईमेल पाठवा. त्यात एक ओळ वाढवा: "माझं नाव, पत्ता, फोन किंवा माझ्या कोणत्याही ईमेलशी जोडलेल्या, तुमच्या वा तुमच्या संलग्न कंपन्यांच्या सर्व मेंबरशिपची यादी द्या आणि सर्व रद्द करा." काकांकडूनही हीच ओळ पुन्हा पाठवा. फोनवर विचाराल तर ज्या क्लबच्या नंबरावर फोन केला तेवढ्याचीच माहिती देतील, म्हणून हे लेखीच मागा. काकूंच्या बँकेलाही स्टॉप पेमेंटसाठी आजच कळवा. त्यांच्या बिलाचे ६० दिवस वेगळे मोजले जातात, त्यामुळे सर्वात अलीकडची दोन बिलं आधी हातात घ्या.